बिनदाराचं घर

मातीताई त्या सकाळी शाळेत निघाली तेव्हा तिच्या डोक्यात मातीखेरीज काही नव्हतं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले मातीचे गोळे, सुया, दोऱ्याचे तुकडे, पाण्याचे डबे, हात पुसायच्या चिंध्या, एवढा सगळा पसारा तिनं रिक्षात कोंबला. "ताई, एवढी माती कुणाला पुरायला नेताय?" असं रिक्षावाल्यानं विचारलं तेव्हा ती पोट धरून हसली. हे हसणं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं बरेच दिवस ती तशी हसली नाही.

मातीताई हे नाव तिला कुठल्याशा शाळेतल्या पोरांनी दिलं होतं, ते चिकटलं ते चिकटलंच. वडील मातीकाम करणारे. त्यांच्याच अंगणात ती चाकाशेजारी रांगली, त्यांच्याच भट्टीवर शिकली. आता वडिलांची नजर गेली होती आणि भट्टी ती सांभाळायची. तिच्या वस्तूंची प्रदर्शनं भरत, पेपरात फोटो येत. पण तिला खरा ताठा होता तो एकाच गोष्टीचा. माझ्या भट्टीत काही फुटत नाही, असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते बरंचसं खरंही होतं.

शाळेच्या मुख्याध्यापिकेनं, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी, तिसरीच्या वर्गाला तिची ओळख करून दिली तीही तशीच. "यांच्या भट्टीत आजवर काही फुटलेलं नाही बरं का मुलांनो! तुमच्या वस्तू भाजून आल्या की आपण आई-बाबांसाठी प्रदर्शन भरवणार आहोत." मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गाच्या सरांना बारमाही सर्दी होती, त्यांनी रुमालातूनच मान डोलावली.

मातीताईनं आधी नियम सांगितला. जोड द्यायचा तर दोन्हीकडे सुईनं रेघोट्या मारायच्या आणि मधे पातळ माती लावायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मातीच्या पोटात काही कोंडून ठेवायचं नाही. "पोकळ वस्तू केलीत तर तिला खालून एक भोक पाडायचं. नाहीतर ती भट्टीत फुटते. आणि एकटी फुटत नाही, शेजारच्यांना घेऊन फुटते."

"धडाम!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळा वर्गच धडाम धडाम करत कामाला लागला.

कुणी साप केला, कुणी डायनासोर, कुणी आजोबांचा चष्मा. एका गोलमटोल पोरानं मोठा गोळा थापून त्याला बेंबी पाडली. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाबांचं पोट." त्यालाही तिनं खालून भोक पाडायला लावलं. शेवटी सगळ्यांना मधे गोळा करून तिनं स्वतः एक घुबड घडवलं. चांगलं हातभर, आतून पोकळ पण जाड अंगाचं, बटबटीत डोळ्यांचं. तिच्या हाताखाली मातीला डोळे फुटले तेव्हा सर शिंकायचे विसरले. टाळ्या पडल्या, मोठ्या बाईंनी मोबाइलवर फोटो काढले, "जरा इकडे बघा ताई, अजून एक" म्हणाल्या, आणि त्या गडबडीत घुबड फळीवर जाऊन बसलं.

एक मुलगी मात्र घुबड बघायला उठली नव्हती. खिडकीशी शेवटच्या बाकावर ती एकटीच मान खाली घालून बसली होती. वर्ग तिला घुमी म्हणायचा. ती मावशीकडे राहायची आणि बोलायची फार कमी, एवढंच सरांना तिच्याबद्दल माहीत होतं. तिनं एक घर केलं होतं. चार भिंती आणि उतरतं छप्पर. सगळे जोड असे बेमालूम पुसलेले की मातीताईला नवल वाटलं. पण घराला दार नव्हतं, खिडकी नव्हती, साधी फटसुद्धा नव्हती.

"अगं, आतली माणसं बाहेर कशी यायची?" तिनं वाकून विचारलं.

"यायचंच नाहीये."

"बरं बाई, नको येऊ देत. पण सुईएवढं भोक तरी..."

घुमीनं दोन्ही हातांनी घर झाकलं. "नको ताई. ती निघेल."

"कोण ती?"

घुमीनं आधी शेजारच्या बाकांकडे पाहिलं, मग तोंड अगदी जवळ आणलं. "मावशीचा कप मी फोडला. आणि सांगितलं मांजरानं फोडला. मग मावशीनं मांजर पिशवीत घालून लांब सोडलं... तेव्हापासून ती येते. हात धरते."

"मांजर?"

"मांजर नाही. ती."

मातीताईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "मग मावशीला खरं सांगून टाकायचं."

"सांगितलं की," घुमी म्हणाली. "पण मांजर कुठं परत आलं?"

तेवढ्यात घंटा झाली. बरंच झालं म्हणून मातीताई सुया आवरायला वळली.

वस्तू शाळेतच वाळल्या आणि मग तिच्या अंगणातल्या भट्टीत रचल्या गेल्या. घुमीच्या घराला सुई लावायची म्हणून ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा तिला त्या मुलीचे झाकलेले हात आठवले. मग तिनं ते घर सगळ्यात खाली, कोपऱ्यात ठेवलं आणि भोवती विटांचा आडोसा केला. फुटलं तर एकटं फुटेल. घुबड मात्र मधोमध, मुलांच्या वस्तूंच्या ऐन गर्दीत बसलं. ते जाड होतं, त्याला अजून दोन दिवस उन्हाची गरज होती. पण सारखं मळभ होतं, प्रदर्शनाची तारीख तोंडावर होती, आणि मधोमध घुबड शोभतही होतं.

दुपारी चहा पिताना भट्टीतून दणका ऐकू आला. बाबांनी कप खाली ठेवला.

"काहीतरी गेलं, पोरी."

"त्या घुमीचं घर असणार," मातीताई चटकन म्हणाली. "भोक पाडू दिलं नाही ना तिनं."

बघा, भट्टी अजून उघडलीही नव्हती आणि तिनं नाव घेऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवली. झाकण काढलं आणि तिला आत बघवेना. घुबडाचं डोकं एका बाजूला पडलं होतं, डोळे सताड उघडे. पोट होतं कुठं ते शोधावं लागत होतं. सापांचे तुकडे, डायनासोरच्या शेपट्या, आजोबांच्या चष्म्याची एक काडी. बाबांचं पोट बेंबीपाशी दुभंगलं होतं. तिनं घुबडाच्या बैठकीचा तुकडा उचलून पालथा केला. भोक नव्हतं. टाळ्यांच्या नादात राहून गेलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, आणि हिचा पाषाण तर कोरडाही नव्हता.

खाली कोपऱ्यात, विटांच्या आडोशाला, घुमीचं घर अख्खं होतं. तांबूस, सुबक, त्याच्यावर चरासुद्धा नव्हता.

ती ते हातात घेऊन उभी असतानाच मोबाइल वाजला. मोठ्या बाई होत्या. "झालं का ताई सगळं नीट? पालकांना मी सांगूनच टाकलंय, तुमच्याकडे म्हणजे काळजीच नाही. मुलं तर रोज विचारतायत."

"बाई... जरा घोटाळा झालाय," मातीताई म्हणाली. आणि पुढचं वाक्य तिनं ठरवून म्हटलं नाही, ते आपोआप आलं. "एका मुलीनं घर केलं होतं ना, बंद. भोक पाडू दिलं नाही तिनं. ते फुटलं, आणि सगळंच..."

"अरेरे! ती घुमीच ना? वाटलंच मला."

फोन ठेवला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. हातात अख्खं घर होतं. शाळेत तुकडे न्यायचे होते आणि त्या तुकड्यांत हे अख्खं कसं दिसणार? जीभ पुढं निघून गेली होती, आता हाताला मागोमाग जाणं भाग होतं. तिनं मडकी ठोकायचं लाकडी थापटणं घेतलं. आपण हे करतो आहोत हे तिला पक्कं कळत होतं. कान तापले होते, आणि तरी हात उचलला गेला. पहिल्या घावाला घर नुसतं वाजलं. आतून कुणी ठोकावं तसं... दुसऱ्या घावाला ते उकललं.

आधी वास आला. ओल्या मातीचा, जुन्या हौदाच्या तळाशी येतो तसा. भट्टीतून निघालेल्या वस्तूत पाण्याचा थेंब उरत नाही, हे तिला समजू लागल्यापासून माहीत होतं. पण भिंती आतून काळपट ओल्या होत्या. आणि त्या भिंतींवर, छपराच्या आतल्या बाजूवर, सगळीकडे तळव्यांचे ठसे होते. घुमीच्या तळव्यापेक्षा कितीतरी लहान. बाहेरच्या बाजूला रेटा दिल्यासारखे. जोडताना पोरीनंच दाबलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिला आठवलं, छप्पर तर सगळ्यात शेवटी बसवतात. ते आतून दाबणार कोण?

तिनं तुकडे घाईघाईनं खोक्यात भरले. घराच्या काही खापऱ्या मागंच राहिल्या, त्या तिनं पायानं कोपऱ्यात सारल्या.

दुसऱ्याच दिवशी तिनं खोकं वर्गात नेऊन टेबलावर उघडलं. मुलं ओळीनं आली आणि आपापले तुकडे शोधू लागली. कुणी धडाम म्हटलं नाही. गोलमटोल पोरगा बेंबीचा तुकडा मुठीत धरून हुंदके द्यायला लागला. मातीताई बोलायला उभी राहिली. खरं सांगायला अजूनही वेळ होता. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, सरांचा रुमाल नाकाशी होता, आणि तिनं सांगितलं, "मी म्हटलं होतं ना मुलांनो... ज्या वस्तूला भोक नसतं..."

नाव घ्यायची गरजच पडली नाही. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. कुणाच्या डोक्यावर खापर फोडायचं तर ते गप्प माणसाच्या डोक्यावर फोडावं, ते परतून येत नाही. सर म्हणाले, "उभी राहा. सगळ्यांना सॉरी म्हण."

घुमी उभी राहिली. "सॉरी," म्हणाली.

त्याच क्षणी मातीताईच्या उजव्या हाताची करंगळी कुणीतरी धरली. लहान, गार, ओला हात. रस्ता ओलांडताना लहान पोर धरतं तसा, विश्वासानं. तिनं झटकन खाली पाहिलं. कुणी नव्हतं. पण करंगळीवर ओल्या मातीचा पट्टा उमटला होता आणि पकड सुटत नव्हती. तिनं वर पाहिलं तर घुमी तिकडेच बघत होती, तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या शेजारी, टेबलाच्या उंचीवर. त्या नजरेत राग असता तर सोसलं असतं. घुमी तिची कीव करत होती.

घरी आली तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. "कोण आलंय गं बरोबर?"

"कुणी नाही."

करंगळी आवळली गेली.

"अनवाणी पावलं वाजली," बाबा म्हणाले. "ओली पावलं. म्हणून विचारलं." आणि ते पुन्हा कामाला लागले. फुटक्या खापऱ्या निवडून कुटायच्या आणि ती भुकटी नव्या मातीत मिसळायची, हे काम नजर गेल्यावरही त्यांनी सोडलं नव्हतं. मातीताई आत जायला वळली, तेवढ्यात त्यांचे हात थबकले. त्यांनी एका खापरीच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसरीच्या.

"हे भट्टीत फुटलेलं नाही. भट्टीत फुटलं की पापुद्रे सुटतात, कड सोलवटते. ही कड बघ, धारदार आहे. हे भाजून झाल्यावर फोडलंय." त्यांनी खापरी तिच्यापुढं धरली. "कुणाचं होतं?"

तिला खोटं बोलायचं होतं. करंगळीवरची पकड वाट पाहत होती. "शाळेतल्या एका मुलीचं."

"लहान आहे?"

"तिसरीत आहे, बाबा."

 बाबांनी त्या खापऱ्या कुटायच्या ढिगातून काढल्या आणि वेगळ्या ठेवल्या. मग म्हणाले, "जेवून घे." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. 

त्यानंतर तो हात सुटलाच नाही. भांडी घासताना, वेणी घालताना, चाकावर बसताना करंगळी ओली ती ओलीच. कुणाला फोनवर "मी जरा बाहेर आहे" एवढं म्हटलं तरी बोटं आवळली जायची, आणि हल्ली तिला कळायला लागलं होतं की दिवसाकाठी आपण अशी किती वाक्यं बोलतो. घडवलेलं प्रत्येक भांडं आतून बघावं तर अरुंद गळ्याच्या आत, जिथं तिचं स्वतःचं बोट पोचत नव्हतं तिथं, बारकी बोटं उठलेली. ती पुसायला गेली की पाठीमागं कुणीतरी नाक ओढायचं... रडून झाल्यावर पोरं ओढतात तसं.

भीती वाटायची, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. भीतीला दार लावून घेता येतं, हिला कुठलं दार लावायचं?

शेवटी ती शाळेत गेली. मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून तिनं सगळं सांगितलं. घुबड, भोक, थापटणं, सगळं. हाताचं तेवढं सांगितलं नाही.

मोठ्या बाईंनी आधी दार लोटून घेतलं. "अहो ताई, झालं गेलं. मुलं काय, विसरतात. आता पुन्हा वर्गात जाऊन हे सांगायचं म्हणजे तुमचंही नाव, शाळेचंही..."

"आणि ती मुलगी?"

"घुमी? तिचं काय हो, ती तर बोलतच नाही."

मातीताईला वाटलं, हे वाक्य आपलंच आहे. आपण फक्त ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ती उठली. वर्गापाशी आली तर आतून आवाज आला, "ए फुटके, सरक ना!" आठवडाभरात घुमीचं नाव बदललं होतं. शेवटच्या बाकाच्या पुढचा बाकही आता रिकामा होता. फुटकीच्या जवळ बसलं की आपलं पण फुटतं, असा शोध वर्गाला लागला होता.

मातीताई सरांना न विचारताच फळ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "ते घर फुटलं नव्हतं. फुटलं ते माझं घुबड. भोक पाडायला मी विसरले, आणि त्यात तुमचं सगळं गेलं. आणि तुमच्या मैत्रिणीचं घर एकटंच चांगलं निघालं होतं. ते मी माझ्या हातानं फोडलं."

सरांचा रुमाल खाली आला. गोलमटोल पोरानं विचारलं, "का पण?"

"लाज वाटली म्हणून."

"मग आता?"

"आता जास्त वाटते."

पोरानं जरा विचार केला, आपलं दप्तर उचललं आणि शेवटून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. करंगळीवरची पकड त्या वेळी सैल झाली. पण सुटली नाही.

मधल्या सुट्टीत घुमी आपण होऊन तिच्याजवळ आली. मातीताईनं माफी मागितली. घुमीनं ती ऐकून घेतली, 'असू दे' वगैरे म्हटलं नाही.

"खरं सांगितलं मी," मातीताई कुजबुजली. "आता ती जाईल ना?"

"मी पण सांगितलं होतं," घुमी म्हणाली. "जात नाही. सैल धरते फक्त."

"मग पुन्हा घर करू या? तुझ्या पहिल्या घरासारखं... बंद?"

घुमीनं बराच वेळ मातीताईच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "नको. ती आत रडायची. मला ऐकू यायचं. या वेळी दार ठेवू. तिला हवं तेव्हा येईल, हवं तेव्हा जाईल."

दोघींनी मिळून घर केलं. चार भिंती, उतरतं छप्पर, आणि समोर दार. झडप नाही, काही नाही, नुसती दाराएवढी मोकळी जागा, घुमीची दोन बोटं सहज आत जातील एवढी. घुमीनं ती बोटं घालून पाहिली आणि तिचं समाधान झालं. "भाजून आणलं की मला दाखवायचं. दार उघडं आहे ना, ते मी बघणार."

"दाखवेन."

"खरंच?"

"अगदी खरं."

या वेळी मातीताईनं घाई केली नाही. उन्हात नीट वाळवलं. भट्टीत ते घर एकटंच ठेवलं. झाकण लावलं आणि एकदम तिला हलकं वाटलं. करंगळी कोरडी होती. तिनं हात नाकाशी नेऊन वास घेतला, डोळ्यांसमोर धरून बोटं हलवली. त्या दिवशी ती बाबांच्या कुठल्याशा जुन्या विनोदावर हसलीसुद्धा, आणि बाबांनीही मान वर करून ते हसणं ऐकलं.

भट्टी निवल्यावर तिनं भरदुपारी झाकण काढलं. लख्ख उजेड होता, शेजारच्या अंगणात कुणी कपडे वाळत घालत होतं. तिनं घर बाहेर काढलं, आणि दार शोधायला ते एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. चारही भिंती सारख्या होत्या.

"बाबा..." तिच्या तोंडून एवढंच निघालं.

बाबांनी घर मांडीवर घेतलं. त्यांची बोटं भिंतींवरून हळूहळू फिरली आणि एका जागी थांबली. तिथं चौकोनी, पुसट अशी एक कड हाताला लागत होती. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं.

"दार होतं इथं."

"हो."

"लिंपलंय ते. पण बाहेरून नाही, पोरी. बाहेरून लिंपलं की बोटाची ओढ वर राहते. इथं माती आतून बाहेर दाबली गेलीय..."  त्यांनी घर कानाशी नेलं, जरा वेळ ऐकलं आणि अलगद, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं, पुन्हा मांडीवर ठेवलं. 

शाळेत गेली की घुमी विचारणार होती. दार उघडं आहे ना? आणि तिला काय सांगायचं? की तुझ्या त्या दाराचा तिला उपयोग नव्हता, तिनं ते आतून बुजवून टाकलं? पोर पुन्हा घराला कान लावून बसेल. त्यापेक्षा आज संध्याकाळी दुसरं घर करावं. हुबेहूब तसंच, दाराचं. भाजून न्यावं आणि म्हणावं, बघ बाळ, आहे ना उघडं? कुणाला कळणार होतं? यात तर कुणाचं वाईटही नव्हतं. हे खोटंसुद्धा नव्हतं, ही नुसती माया होती. तिनं ते वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. चांगलं वाटलं.

घर बाबांच्या मांडीवर होतं, चारही बाजूंनी बंद. बाबांचे दोन्ही हात त्याच्यावर होते. आणि मातीताईच्या डाव्या हाताची करंगळी कुणीतरी धरली. हात पहिल्यापेक्षा लहान होता, आणि जास्त ओला.

बाबांनी मान वर केली आणि तिच्या पायांच्या दिशेनं कान दिला.

"पोरी... आता आणखी कोण आलं?"

'कुणी नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.